दहाव्याआधीचा जामीन

बाबा मंगळवारी गेले. गुरुवारी दादाला पोलिसांनी नेलं.

त्या सकाळी गंगेवरच्या पंचगंगा घाटावर अस्थींचा कलश घेऊन दादा होडीकडे निघाला होता. एक जण त्याचे फोटो काढू लागला. दादाने कॅमेरा बाजूला सारला, तो माणूस पायरीवरून घसरला, कपाळातून रक्त आलं. ठाण्यात दादा एवढंच म्हणाला, "माझ्या हातून झालं." पोलिसांनी कलम असं लावलं की जामीन कोर्टातूनच घ्यावा लागणार होता.

अस्थी काकांनी आणि मी सोडल्या. काका आमचे चुलते, घरचे उपाध्येही. म्हणाले, "अग्नी त्याने दिला, दहाव्याचे पिंडही त्यानेच द्यायचे. तोवर सोडवून आण त्याला."

इथली आमची मराठी घरं अडचणीत आधी मराठी माणूस शोधतात. मीही शोधला. कचेरीत पत्र्याच्या शेडखाली काळ्या कोटांची दाटी होती, त्यात एक वयस्क वकील मराठी निघाले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अगं, मी भाडेकरू काढतो. माणसं सोडवत नाही."

"मग एवढा वेळ ऐकत का बसलात?"

"मराठी कानावर पडत होतं. घरी नातवंडं हिंदीच बोलतात." मग त्यांनी समोरच्या इमारतीकडे बोट केलं. "कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिथे अर्ज दे. तो वकील फौजदारीचा आहे का, ते मात्र विचार."

मी विचारलं. मी शाळेत शिकवते; मिळालेल्या वकीलबाई माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या. मी बाबांपासून सुरुवात केली, तर म्हणाल्या, "दीदी, दुख आखिर में लिखेंगे. पहले डॉक्टर का कागज."

दादाने कबूल केलंय, हेही मी सांगून टाकलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा होत नाही, असं त्या म्हणाल्या. "अब बस उनसे कहिए, चुप रहें."

मला नवल वाटलं. कचेरीबाहेर कायद्याचं पुस्तक घेतलं आणि घरी वाचत बसले. जखम साधी कधी, गंभीर कधी, याचा तिथे बारीक विचार होता. हाड मोडलं तर वेगळं, दात पडला तर वेगळं. हे बाबांना दाखवावं म्हणून मी उठलेसुद्धा.

डॉक्टरच्या कागदावर जखम साधी होती. वकीलबाईंनी त्यावरच बोट ठेवलं. बाबांचं मरण त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि तेवढं पुरलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी जामीन मंजूर झाला. मी घरी फोन केला. पण जामीनदारांचे कागद तपासल्याशिवाय तुरुंगातून सोडत नाहीत, हे मला माहीत नव्हतं.

दहाव्याला दुपारपर्यंत आम्ही घाटावर थांबलो. मग काकांनी दर्भ माझ्या हातात दिला.

दादा संध्याकाळी आला. पाय धुऊन माझ्यासमोर बसला.

"काय काय केलंस, सांग."

मी क्रमाने सांगितलं. पिंडांपाशी आले तेव्हा त्याने थांबवलं. "तिथे काकांनी पाणी सोडायला सांगितलं?"

"हो."

"मग झालं."

खटला अजून चालू आहे. तारखेला आम्ही दोघं जातो. दादा गप्प उभा राहतो, वकीलबाई बोलतात.