ताटलीच्या कडेची कोथिंबीर

शिक्षणासाठी बाहेरगावी राहणारी मुलगी काल घरी आली. आज सकाळी तिच्या पोह्यांतली कोथिंबीर मी सवयीनं वेचून ताटलीच्या कडेला ठेवली. लहानपणी तिला ती अजिबात चालायची नाही. तिनं ती चिमटीनं उचलून परत पोह्यांवर घातली.

"बाबा, मी खाते रे आता. कधीचीच."

ती हसली. मी मात्र ओशाळलो.

संगणकाच्या प्रोसेसरला दर वेळी दूरच्या मोठ्या मेमरीकडे जावं लागू नये म्हणून लागणारी माहिती जवळच्या छोट्या मेमरीत, म्हणजे ‘कॅश’मध्ये, उतरवून ठेवतात. मूळ माहिती बदलली की ही जवळची प्रत शिळी होते. ती वेळीच बाद करण्याचे अधिक चांगले मार्ग शोधणं, हीच माझी नोकरी. शिळी प्रत कधी चाचरत नाही. ताजीइतकीच झटकन, छातीठोकपणे हाताशी येते. माझी बोटं तशीच त्या पोह्यांत शिरली होती. आणि मूळ माणूस तर समोरच बसलेलं होतं. तिचं आणखी काय काय बदललंय, हे विचारायचीही आता लाज वाटत होती.

चहा ओतून तिनं साखरेचा डबा उघडला, आणि भरलेला चमचा माझ्या कपावर धरून थांबली.

"बाबा, तू अजून साखर घेतोस ना?"