विमानातली संकष्टी

मुंबईहून लंडनला भर दुपारी विमानानं निघालं, तर वाटेत रात्र लागत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. मी नाशकात तीस वर्षं भूगोल शिकवला आहे!

तिकिटं काढताना कॅलेंडर बघायचं राहिलं. ते बायकोनं निघायच्या आदल्या दिवशी बघितलं. नेमकी संकष्टी! आणि तिची संकष्टी म्हणजे चंद्र दिसेपर्यंत फक्त पाणी. (आमच्या गंगापूर रोडवर बाकीच्या बायका खिचडी, वेफर्स, रताळी असं सगळं खाऊन उपास करतात. ही नाही!) मुलगी झाल्यापासून तिनं एकही संकष्टी मोडली नव्हती, आणि आता त्याच मुलीकडे आम्ही निघालो होतो.

"अहो, चंद्रोदय रात्री दहाच्या सुमाराला आहे. तोवर पोचू ना?"

"सात हजार किलोमीटर, नऊ तास. एकला उडायचं, दहाला उतरायचं. चंद्र तुझ्या स्वागताला हजर!" मी फळ्यावर गणित सोडवल्याच्या थाटात म्हणालो.

सकाळी घोटीला गाडी थांबवून मी मिसळ हाणली. ती पाणी प्यायली.

विमान उडालं. खिडकीत सूर्य होता. जेवण आलं (दोन्ही ताटं मीच संपवली, अन्न वाया कशाला घालवायचं!), तरी सूर्य होता. एक झोप काढून उठलो, तर सूर्य जेमतेम हातभर सरकलेला! खाली वाळवंट संपून बर्फाचे डोंगर लागले, डोंगर संपून समुद्र आला. मी आ वासून बघत राहिलो. एवढी अफाट पृथ्वी मी पोरांना एका तासात उरकून दाखवायचो, याची लाज वाटली.

बायकोनं हवाई सुंदरीला गाठलं. "बेटा, चाँद किस साइड से दिखेगा?"

"आंटी, अभी तो धूप है!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पश्चिमेला चाललो होतो. सूर्याच्या मागे धावत होतो! विमान जितकं पळेल, तितका हिचा दिवस लांबणार होता. आणि हे मी तिला सांगितलं नाही. माझा धीरच झाला नाही.

लंडनला उतरलो. घड्याळात संध्याकाळचे साडेपाच आणि बाहेर लख्ख ऊन.

"आई, इथे उन्हाळ्यात सूर्यच नऊला मावळतो," न्यायला आलेली मुलगी म्हणाली. "चंद्र मध्यरात्रीनंतर."

बायको बॅगेवरच बसली. तिचा चेहरा पार सुकला होता. पण ती थोडा वेळच तशी बसली. मग फोन काढून तिनं नाशिकला धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

"ताई, आमची जेवून भांडीसुद्धा झाली गं!"

"गच्चीवर जा. चंद्र दाखव."

आणि दिसला! पाण्याच्या टाकीवरून वर आलेला, पिवळाधमक, नाशिकचा चंद्र. आम्ही दिवसभर उडत जे अंतर तोडलं, ते पार करून तो बायकोच्या तळहातावर उतरला होता. ट्रॉलीवर फोन टेकवून तिनं हात जोडले. माझेही आपोआप जोडले गेले. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू! मग तिनं पर्समधला खव्याचा मोदक चंद्राला दाखवला आणि हातात घेतला.

"पण चंद्रोदय आपण असू तिथला धरतात ना?" मी पुटपुटलो. (मास्तर तो मास्तर!) "हे शास्त्रात बसतं का?"

"तुमचं तरी भूगोलात कुठे बसलं?" तिनं मोदक तोंडात टाकला.

मी ट्रॉली ढकलत निघालो.

"बाबा," मागून मुलीची हाक आली, "बाहेर जायचा रस्ता इकडे आहे."