पूर्वाची पंगत चुकली

गीता मूर्तिजापूरकडची. नवरा उल्हास रेल्वेत इंजिनियर, चारबागच्या ऑफिसात. लग्न होऊन लखनौला आली त्याला जमाना झाला, पण जीभ मात्र गावचीच राहिली. घराजवळच्या महानगर बाजारातल्या भाजीवाल्यालाही ती "काहून रे भैया, आज भेंडी एवढी निब्बर?" असं विचारे, अन् तो बापडा समजून घेई.

पोरगी पूर्वा. दहा वर्षांची, पण हाडापेरानं दणकट, बापाच्या खांद्याला लागायला आलेली. गावी अशा पोरीला पाहून बाया कौतुकानं कानशिलावर बोटं मोडत. वरच्या मजल्यावर पुण्याची अनुष्का, बँकेत नोकरीला. तिची श्रुती पूर्वाहून दोन महिन्यांनी मोठी, पण चणीनं चिमणी. दोघी एका वर्गात, एका ऑटोत.

नवरात्रात तिकडं अष्टमीला लहान पोरींना देवी मानून घरी बोलावतात. पाय धुतात, कपाळाला कुंकू लावतात, पुरी, हलवा, काळे चणे जेवू घालतात, डोक्यावर लाल ओढणी घालतात. शेजारच्या लीलावती मिश्रा दरवर्षी ह्या दोघींनाही बोलवत. यंदा पूर्वा नवा फ्रॉक घालून सगळ्यांच्या आधी दारात उभी. लीलावतीनं श्रुतीला हात धरून पाटावर बसवलं, अन् पूर्वाच्या गालावरून हात फिरवत हसून म्हणाली, "अरे, ये तो पूरी औरत हो गई! बिटिया, तुम परोसने में हाथ बँटा दो।"

बाईच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पोरीनं पुऱ्यांची परात उचलली अन् श्रुतीच्या पानात पुरी वाढली. श्रुतीच्या डोक्यावर ओढणी, पायाला पाणी, अन् ही वाकून वाढतेय.

त्या दिवसापासून पूर्वाच्या पोटात जे पेटलं, त्यानं भूक खाऊन टाकली. डब्याच्या वेळी ती श्रुतीचा डबा पाही. श्रुतीनं अर्धा पराठा ठेवला की ही आपला अख्खा कुत्र्यांना टाकी. घरी विचारलं तर "मम्मी, भूख नहीं है" एवढंच. आरशासमोर पोट आत ओढून उभी राही, अन् सोडलेला श्वास घ्यायलाच विसरे.

गीताचंही काही वेगळं नव्हतं. जिन्यात अनुष्का भेटली की म्हणे, "आमच्या श्रुतीला कुठलाही ड्रेस बसतो हो, माप बघावंच लागत नाही." गीता हसून तिला वर जाऊ देई अन् घरात येऊन भांडी आदळे. काडीला लुगडं गुंडाळलं तरी शोभते म्हणे! अशाच एका जळत्या दुपारी पूर्वा शाळेचा स्कर्ट आवळतो म्हणून रडत होती, तर गीताच्या तोंडून निसटलं, "मंग कमी खाय ना. त्या श्रुतीसारखी होशीन."

पोरीनं आईचा शब्द पाळला. पुढच्याच आठवड्यात शाळेच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडली.

लखनौतल्याच कपूरथला चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मुलगी वाढीला लागली आहे, अंग भरणारच, त्यात काही बिघाड नाही, म्हणाल्या. बिघाड खाणं टाकण्यात आहे. मुलांच्या मनाच्या डॉक्टरची सोमवारची वेळ ठरवून दिली, अन् घरात कुणाच्याही अंगाचं बोलणं बंद करा म्हणून गीताला बजावलं. गीतासाठी हे औषध सगळ्यात कडू. जीभ दातांखाली धरून ती हिंडू लागली.

रविवारी तिनं गावाहून आलेलं ज्वारीचं पीठ काढलं. वांगं भाजलं, मिरचीचा ठेचा केला. वास जिन्यानं वर गेला अन् श्रुती खाली आली. गॅसजवळ फतकल मारून म्हणाली, "काकू, मुझे भी दो ना. आमच्याकडे संडेला नुसतं सॅलड असतं."

ह्या पोरीचं नाव काढलं तरी गीताचा जीव जळे. पण भुकेलं लेकरू दारातून परतवायची रीत तिला ठाऊक नव्हती. पहिली भाकर श्रुतीच्या ताटात पडली. पोरीनं ठेच्याला बोट लावलं, नाक वाहू लागलं, तरी थांबेना. असं खाणारं माणूस त्या स्वयंपाकघरानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मन नसतानाही गीता खुलली. दुसरी भाकर वाढता वाढता म्हणाली, "खाय माय, पोटभर खाय."

पूर्वा दारात उभी होती. कधीची, कोण जाणे.

"वो मेरी है," ती म्हणाली.

"काय तुही?" गीतानं विचारलं.

"भाकरी. मम्मी मेरी है, तो भाकरी भी मेरी."

श्रुतीच्या पुढ्यातलं भाकरीचं ताटच तिनं ओढून घेतलं, अन् तिच्याकडं पाठ करून भिंतीशी बसली. रागारागानं तुकडे मोडत अर्धी खाल्ली. मग हात थांबला. उरलेल्या अर्ध्याकडं श्रुतीनं हात पुढं केला, तर हिनं ताट मांडीखाली सरकवलं.

"हात मत लगाना. मैं खाऊँगी. बाद में."

शाबास म्हणावं, पाठीवरून हात फिरवावा, असं गीताच्या फार मनात आलं. पण ती तव्याकडं तोंड करून बसली. तव्यावरची भाकर करपली तरी वळली नाही. तिच्यामागं थोड्या वेळानं पुन्हा तुकडा मोडल्याचा आवाज आला.

सोमवारची वेळ तिनं रद्द केली नाही.