लांडग्याचं गणगोत

मारुंजीत मी भाड्याने राहते ती इमारत माझ्या घरमालकीण मावशींच्या शेतावर उभी आहे. वर सगळे आमच्यासारखे लॅपटॉपवाले, खाली मावशी एकट्या. लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांकडे बघून नुसतं हसतो, नाव विचारत नाही. परभणीहून आले तेव्हा वाटलं होतं, शहरात माणसांना काय तोटा! आता रविवारी दूधवाल्याशीसुद्धा दोन वाक्यं जास्तच बोलते.

म्हणून मावशींकडे चहाला जायला लागले. एकदा बोलता बोलता सांगितलं, की तळवड्याच्या आमच्या लॅबमध्ये इथल्या माळावरून नामशेष झालेल्या लांडग्यांचं काम आलंय. जुन्या हाडांतून डीएनए काढायचा, जिवंत लांडग्यांशी ताडून बघायचा आणि कोण कुणाचं ते ठरवायचं. मावशी उठल्या आणि देवघरातून चांदीत मढवलेला एक दात घेऊन आल्या. सासऱ्यांच्या लहानपणी याच माळावर मारलेल्या लांडग्याचा. दृष्ट लागू नये म्हणून घरातल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात तो बांधलेला, त्यांच्या दोन्ही मुलांच्यासुद्धा.

"बघ गं, त्याचं कुनी उरलंय का कुठं," त्या म्हणाल्या. भुकटीपुरता दात कोरू द्यायलाही लगेच तयार झाल्या.

निकाल यायला अख्खा पावसाळा गेला. मावशी जिन्यात गाठून विचारायच्या आणि मी उडवाउडवी करायची. खरं सांगायचं तर उत्तर 'हो' यावं असं मला फार वाटत होतं. आलं ते भलतंच. त्या लांडग्याला आईकडून आणि बापाकडून आलेले डीएनएचे लांबच लांब तुकडे हुबेहूब सारखे, म्हणजे दोघं जवळच्या नात्यातले. आणि ताडून बघितलेल्या जिवंत लांडग्यांत त्या कुळीचा एकही नाही.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"भावकीतच लगीन लागलं, म्हंजी सोयरीक करायला दुसरं गावच उरलं नसंल," त्या म्हणाल्या.

मला राहवेना. लांबचे नातेवाईक आहेत की, मी घाईघाईने सांगितलं, तिकडे सोलापूरच्या माळांवर.

मावशी पदराने दात पुसत होत्या.

"लांबची आसून काय उपेग गं? तशी तर आमचीबी हायत."

मला रडूच यायला लागलं. मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि वर आले. मावशींचे दोन्ही मुलगे वाकडला राहतात. आमच्या गच्चीवरून त्यांची इमारत दिसते.