आबांचं बाकडं

तमाम वादी, प्रतिवादी, साक्षीदार आणि नुसतेच चहाला येऊन बसणारे यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, खापर गावाच्या पुढे, महाराष्ट्र जिथे संपतो तिथल्या एका ओट्यावर गेली चाळीस वर्षे भरणारे न्यायालय कायमचे बंद झाले आहे. न्यायाधीश झोपेतच गेले. मागे एकच खटला निकालाविना उरला आहे, आणि तो त्यांच्या स्वतःच्या घरचा आहे.

न्यायाधीश म्हणजे माझे मामा. सगळा मुलूख त्यांना आबा म्हणायचा, म्हणून मीही आबाच म्हणायचो. काळा कोट राहू द्या, धड सदरासुद्धा एकच होता. तळोद्याला मी शिकवतो त्या शाळेत प्रार्थना चालू असताना फोन आला. पलीकडे त्यांचा शेजारी सिंगादादा. एवढंच म्हणाला, "आबा उठना नही." मला वाटलं, सुनावणी लांबली असेल. आबांच्या कोर्टात कोण कधी उठतो याला फार महत्त्व होतं... ते कळायला आधी बाकड्याची गोष्ट सांगावी लागेल.

आबा मूळचे तापीकाठचे. पाच भावांत वाटणी झाली तेव्हा काठावरची काळी जमीन थोरल्यांकडे गेली आणि धाकट्या आबांच्या वाट्याला सरहद्दीवरचा हा खडकाळ तुकडा आला. नवी नवरी असलेली मामी, दोन पिंपं आणि एक रुसलेली कोंबडी घेऊन ते बैलगाडीने इथे पोहोचले. सिंगादादाचे बापजादे इथल्याच डोंगराखाली राहिलेले. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि इथे फक्त दगड पिकतात, अशी आनंदाची बातमी दिली. मग दोन उन्हाळे दोघांनी मिळून ते पीक काढलं. पुढे मोबाइल आले तेव्हा ओट्याच्या एका खांबाशी महाराष्ट्र आणि दुसऱ्या खांबाशी गुजरात निघाला. चहाचा कप संपेपर्यंत दोन्ही राज्यांचे स्वागताचे मेसेज येऊन जायचे.

ती बैलगाडी मोडली तेव्हा आबांनी तिच्या फळीचं बाकडं केलं. सुतारकीचा दांडगा आत्मविश्वास, आणि माप नजरेने! दोन्ही पाय फळीच्या मधोमध, जवळजवळ ठोकून बसले. मामीने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "हाई बाकडं नही, झोका शे." खरंच होतं. दोन टोकांना दोघे बसले तर ठीक. एक उठला की दुसरा धप्पकन खाली. पहिल्याच आठवड्यात पाटाच्या पाण्यावरून भांडणारे दोघे ओट्यावर आले. एक तावातावाने उठला, दुसरा उताणा पडला आणि पडल्या पडल्याच म्हणाला, "भो, सांगीसन उठनं व्हतं ना!" दोघांनाही हसू फुटलं आणि भांडण तिथेच विरलं. आबांनी ते बाकडं पुन्हा कधी दुरुस्त केलं नाही. कायदाच केला: रागाने उठायचं नाही, सांगून उठायचं, आणि दोघे एकदम उठले की निकाल लागला असं समजायचं. तोवर मामी चहा देत राहणार, आबा समोर उकिडवे बसून तुरीच्या शेंगा सोलत राहणार. मी सुट्टीत तिथे असलो की नाटकी आवाजात पुकारा करायचो आणि दोन्ही पक्षांच्या शिव्या खायचो.

मग एका वर्षी पेरणीच्या आधी आबांच्या मुलाने, भिकनने, नांगरटीत सिंगादादाचा बांध हातभर सरकवला. सिंगादादा तक्रार घेऊन आला नाही. आबांनीच त्याला हाक मारून बसवलं. एका टोकाला सिंगादादा, दुसऱ्याला पोटचा पोरगा. बांध होता तिथे परत घाल, आबा म्हणाले. भिकन म्हणाला, बाप परक्याचा झाला... आणि उठला. म्हातारा सिंगादादा कोपरावर आपटला. पाठमोऱ्या भिकनकडे बघत, बाकड्यावरून पहिल्यांदा पडलेल्या माणसाचंच वाक्य म्हणाला, अगदी हळू. भिकनने मागे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन नवापूरला गेला, एका कोंबड्यांच्या फार्मवर कामाला लागला. बांध आबांनी स्वतः कुदळीने परत घातला. याला नऊ वर्षं झाली.

मधल्या काळात मामी गेली. तिच्या दिवसांना भिकन आला, पण अंगणातच उभा राहिला, ओट्यावर चढला नाही. हळूहळू खटलेही आटले. लोक खापरला जातात, वकील करतात. आबा संध्याकाळी बाकड्याच्या अगदी मधोमध बसलेले दिसायचे. एकट्या माणसाला त्या बाकड्यावर तेवढीच जागा होती.

दिवाळीत शेवटचा गेलो तेव्हा मात्र ते एका टोकाला बसले होते, डाव्या हाताने खांब घट्ट धरून. हाताच्या शिरा फुगलेल्या. मी चेष्टेत विचारलं, हा काय नवीन व्यायाम? दुसऱ्या टोकाकडे बघत म्हणाले, "ते टोक मोकळं ठेवी ऱ्हायनू. तो उना तर बठाले जागा पाहिजे ना." भिकनसाठी राखलेल्या त्या टोकाला मी बसायला गेलो तर मला हाताने थांबवलं. परत आल्यावर मी भिकनला फोन केला. तो म्हणाला, बघतो, पिलांची एक खेप निघाली की येतो. आबा असे बसतात, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, पोराला ओझं कशाला... सगळ्या जगाच्या गोष्टी रंगवून सांगणारा मी, नेमकी तीच गिळून बसलो.

तेराव्याला गाव जेवून गेलं. पत्रावळी उचलल्या गेल्या. सिंगादादा खांबाला टेकून उभा होता, मी पायरीवर. भिकन अंगणात घुटमळला, मग नऊ वर्षांनी ओट्यावर चढला आणि दमलेला माणूस बसतो तसा, काही ध्यानीमनी नसताना, बाकड्याच्या टोकाला बसला. दुसरं टोक वर उचललं गेलं. पांढऱ्या कपड्यांत भिकन जमिनीवर. कोणी हसलं नाही. तो उठायची खटपट न करता त्या वर गेलेल्या रिकाम्या टोकाकडे बघत राहिला, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"आबा, सांगीसन उठनं व्हतं ना..."