औषधाचे कपडे

आमच्याकडे झाडांवर विष फवारत नाहीत, औषध मारतात. बाटलीवर कवटीचं चित्र असलं तरी ते औषधच. दुकानदार तसंच म्हणतो, आम्हीही तसंच म्हणतो.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. गावात अशा वेळी बोल बाईलाच लागतात. भावजयीने बारशांना जाणं बंद केलं होतं. शेवटी दोघांनी कुडाळला तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट घ्यायला जायच्या दिवशी भाऊ मला म्हणाला, "दादा, तू चल. आकडे तुका कळतत."

कळले. त्याच्या रिपोर्टात एक आकडा होता आणि शेजारी तो किती असायला हवा ते छापलं होतं. दोन्हींत बरंच अंतर होतं. भावजयीचा थायरॉईडचा आकडाही थोडा बाहेर होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सध्या कसलं औषध चालू आहे?"

भाऊ दवाखान्यात शुद्ध बोलायला जातो. म्हणाला, "मला काही नाही. झाडांना चालू आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि विचारत गेल्या. कोणत्या झाडांना? हापूसला. कितीदा? मोहोर आल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सहा वेळा. फवारतं कोण? मीच. तोंडाला काय बांधता? टॉवेल.

"आणि ते कपडे?"

"औषधाचे कपडे वेगळे ठेवलेत," भाऊ जरा अभिमानाने म्हणाला.

"धुतं कोण?"

भावजय खाली बघत होती. "मी," ती म्हणाली. "विहिरीवर. हातान."

मग बाईंनी समजावलं. शरीरातल्या ग्रंथी रक्तात अगदी थोडा थोडा रस सोडतात आणि त्या थेंबांवर वाढ, मूल, पाळी, सगळं चालतं. काही रसायनं त्या रसाची नक्कल करतात, काही त्याला अडवतात. फवारणीच्या काही औषधांबद्दल असा संशय आहे, काही प्लास्टिकबद्दलही. "तुमच्या बाबतीत हेच कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण जे टाळता येतं ते टाळू. सहा महिने औषधाला हात लावू नका, दोघांनीही."

परत येताना गाडी मी चालवत होतो. दोघं मागे बसली होती. मला बाबांची बाग आठवत होती.

कलमं तीच आहेत, बाबांनी लावलेली. त्यांच्या वेळी मोहोर आला की ते झाडाखाली जाऊन आधी नुसते उभे राहायचे. मधमाश्यांची गुणगुण दाट असली की म्हणायचे, "यंदा धरतला." तुडतुडे पडले तर संध्याकाळी पाला आणि शेणी पेटवून धूर करायचे. त्या धुराचा वास आम्हा भावांच्या केसांना लागायचा आणि आई अंगणातच डोक्यावर पाणी ओतायची. झाडावर तांबड्या मुंग्यांची पानं शिवून केलेली घरटी असायची. चढलो की चावायच्या, तरी बाबा ती काढू देत नसत. किडे त्याच खातात म्हणायचे. आता मुंगी दिसत नाही. आंबे तेव्हा कमी यायचे आणि त्यांच्यावर डाग असायचे, हेही लिहायला हवं.

शिवाय कलम एक वर्ष भरभरून द्यायचं आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ काहीच नाही. आम्ही कुरकुर केली की बाबा म्हणायचे, "झाड दमलाहा रे. ह्या वर्सा निजाक दे."

आम्ही त्याला निजू देत नाही. पावसाळ्यात मुळाशी एक औषध ओततो. ते झाडाच्या वाढीचा रस रोखतं, मग पालवीऐवजी दरवर्षी मोहोर येतो. हे मला पूर्वीपासून ठाऊक होतं. बाईंनी सांगितलेली गोष्ट आम्ही झाडाला मुद्दाम करत होतो, हे मात्र त्या दिवशी गाडी चालवताना पहिल्यांदा सुचलं.

घरी पोचल्यावर मी भावाला म्हटलं, "यंदा पंप मी घेतंय. माका दोन पोरां आसत, माझा काय राह्यला नाय."

"तुका जमाचा नाय," तो म्हणाला. "तू मिली मोजत बसशीत, तवसर तुडतुडे मोहोर खावन मोकळे होतले."

मी मोजलंच. भाऊ बाटलीच्या झाकणाने औषध घालायचा. ते झाकण मापून बघितलं तर लिहिलेल्यापेक्षा जास्त पडत होतं. मग नेमकं माप घातलं, हातमोजे आणि नीट मास्क आणला आणि घराजवळची, विहिरीकडची झाडं सोडूनच दिली. त्यांच्यावर आंबा थोडाच लागला. मुळाशी ओतायचं औषध बंद केलं. माझे औषधाचे कपडे मीच वेगळ्या बादलीत, विहिरीपासून लांब धुतले. ते बघून माझी बायको म्हणाली, "इतकी वर्सां ह्या हातांका काय झाला होता?" घरातलं कोकमाचं आगळ आणि लोणचं प्लास्टिकच्या डब्यांतून काचेच्या बरण्यांत गेलं. भावाने तंबाखू सोडली. भावजयीला गोळ्या सुरू झाल्या.

सहा महिन्यांनी भावाचा आकडा वर आला होता, छापलेल्या आकड्याच्या जरा अलीकडेच. पुढच्या वर्षी मुलगी झाली, आमच्या भाषेत चेडू.

तिला घरी आणलं त्या दिवशी मी भावाला माझी अडचण सांगितली. आपण पाच-सहा गोष्टी एकदमच बदलल्या. फवारणी, कपडे, तंबाखू, प्लास्टिक, गोळ्या. आता यातल्या नेमक्या कशाने झालं, की यातल्या कशानेच नाही, हे कधीही कळणार नाही. एकेक करून बदललं असतं तर निदान काही सांगता आलं असतं.

भावाने मांडीवरच्या मुलीचं दुपटं सारखं केलं.

"दादा," तो म्हणाला, "तुका चेडू होया काय हिशेब?"

आतून भावजयीचं हसू ऐकू आलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती अशी हसायची. मी उठलो, साबणाने हात धुऊन आलो आणि मुलीला घेतलं.