जबड्याखालची जागा

दत्तोजीमामाला सोमवारची सकाळ नकोशी झाली होती. रविवारी जेवतानाच त्याचा हात मानेकडे जायचा आणि घास ताटात तसाच राहायचा.

शहराबाहेर, येलवाल गावाच्या पुढे, हुणसूरच्या रस्त्यावर, कापड पांढरं करायचा एक कारखाना होता. आमच्या घराण्याचं कापड रंगवायचं, रंगाऱ्याचं काम कधीच बंद पडलं होतं. मामा मात्र त्या कारखान्यामुळे कापडाच्या आसपास राहिला. त्याचं काम गॅसघरात असे. तिथं क्लोरीनची मोठी लोखंडी पिंपं आडवी ठेवलेली असत. एखाद्या पिंपाच्या तोंडाची चावी गळू लागली, तर आत जाऊन ती बंद करायला दोघांची जोडी नेमलेली होती, मामा आणि हणमंत. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडावर रबरी मुखवटा. मुखवट्याची कड गालांवरून खाली हनुवटीच्या मागं कातडीला चिकटून बसायला हवी. मध्ये दाढीचे खुंट आले की कड उचलली जाते, आणि तेवढी फट त्या गॅसला पुरते.

म्हणून दर सोमवारी सुब्बराव तपासणी घ्यायचे. ते कारखान्याचे सुरक्षेचे अधिकारी. मुखवटा चढवायचा, नळीच्या तोंडावर तळहात दाबायचा आणि श्वास आत ओढायचा. कड नीट बसली असेल तर मुखवटा चेहऱ्यावर ओढला जातो. हणमंताचा लगेच ओढला जायचा. मामाच्या डाव्या जबड्याखालून मात्र फुस्स आवाज यायचा.

मामाची दाढी कुरळी आणि राठ. रोज केली की मानेवर लाल पुटकुळ्या उठायच्या, काहींत पू धरायचा. त्यावर मुखवट्याचं रबर घासलं की डोळ्यांत पाणी यायचं. दोन दिवस वस्तरा लावला नाही, तर खुंट उभे राहायचे. करावी तरी पंचाईत, न करावी तरी पंचाईत.

"पुढच्या सोमवारपर्यंत बघतो," सुब्बराव कानडीत म्हणाले. "नाही जमलं तर तुम्हाला जोडीतून काढावं लागेल. राग मानू नका. आत गेल्यावर तुम्ही पडलात, तर हणमंत चावी बंद करेल की तुम्हाला ओढेल?"

हणमंत शेजारीच उभा होता. त्यानं खाली बघत आपल्या मुखवट्याचा पट्टा गुंडाळला. मामा सांगतो, तेच फार लागलं.

घरी कमलाक्षीमामीला यातलं काही माहीत नव्हतं. नवरा गॅसघराबाहेर काट्यावर बसून पिंपांची वजनं घेतो, एवढंच तिला सांगितलेलं. आरशासमोर तासभर उभं राहून मान ओरबाडणारा नवरा पाहून ती म्हणायची, "अहो, लग्नातसुद्धा एवढी घोटून केली नव्हती तुम्ही!" मामा हसून वेळ मारून न्यायचा. त्या आठवड्यात त्याला हसता येईना.

त्याच सोमवारी संध्याकाळी तो शहरात चामराजपुरमला आमच्याकडे आला. माझी आई, अंबूताई, त्याची थोरली बहीण. माझे वडील जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं आणि आई माणसांशी मोजकंच बोलायची. तिनं कॉफी पुढं ठेवली आणि त्याच्या मानेकडे बघतच राहिली.

"दत्तू, हे काय करून घेतलंयस?"

मग त्यानं सगळं सांगितलं. आत जायचं काम, मुखवटा, सोमवार. मामीला सांगू नकोस म्हणून विनवलं. ऐकून झाल्यावर आई उठली, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात वडिलांचा दाढीचा ब्रश, रेझर आणि साबणाची वाटी होती.

वडिलांना पक्षाघात झाला होता. नाकातून घातलेली नळी गालावर चिकटपट्टीनं धरून ठेवावी लागे. दाढीचे खुंट असले की पट्टी सुटायची, आणि कातडी सोलली की तिथं जखम व्हायची. ज्या माणसाला दुखलं तरी सांगता येत नव्हतं, त्याची दाढी आई रोज सकाळी करायची. हे मामाला ठाऊक होतं, पण तो कधी जवळ थांबला नव्हता. त्याला ते बघवत नसे.

"आज नाही," आई म्हणाली. "आधी ही कातडी भरून येऊ दे. तीन-चार दिवस वस्तरा लावायचा नाही, नखसुद्धा नाही."

"अक्का, पुढचा सोमवार आलाच गं."

"सोमवार येऊ दे. फोडांवरून पातं फिरवलंस तर पुढचे सगळेच सोमवार जातील."

मामानं सुब्बरावांना सांगून ते दिवस पिंपांपासून दूरचं काम मागून घेतलं. शुक्रवारपर्यंत मानेवरची लाली उतरली. शनिवारी सकाळी तो न्हाऊन आमच्याकडे आला. आईनं त्याला खिडकीपाशी बसवलं, गरम पाण्यात पंचा पिळून गालांवर आणि मानेवर धरला, आणि तो निवला की पुन्हा पिळून धरला.

"किती वेळ?" मामा उतावीळ झाला होता.

"केस मऊ होईपर्यंत. राठ केस कोरडा कापायला गेलास की पातं त्याला ओढतं. आग तिथंच सुरू होते."

मग तिनं बोटांनी चाचपायला सुरुवात केली. गालांवर केस खाली वळलेले होते. मानेवर, डाव्या जबड्याखाली मात्र ते आडवे, कानाकडे गेलेले होते. आईनं मामाचं बोट धरून त्या जागेवरून दोन्ही बाजूंनी फिरवलं. एकीकडून गुळगुळीत, दुसरीकडून खरखरीत.

"तू इथं खालून वर ओढत होतास ना?"

"घोटून निघावी म्हणून."

"म्हणूनच केस कातडीच्या आत तुटतो. मग वर यायला वाट मिळत नाही, आणि फोड धरतो."

ब्रशनं तिनं फेस चढवला. घाई नाही. फेस दाट होऊन केसांच्या मुळाशी बसेपर्यंत ती गोल फिरवत राहिली. नवं पातं लावलं. मग तिनं रेझर उचलला आणि तिचा हात थांबला.

वडिलांच्या शेवटच्या सकाळनंतर तिनं तो रेझर हातात घेतला नव्हता. मामा म्हणाला, "राहू दे अक्का. मी करतो, तू नुसती सांग."

"गप्प बस. बोलू नकोस, गाल हलतो."

रेझर तिनं दाबला नाही. त्याच्या वजनानंच तो खाली येऊ दिला, लहान लहान ओढींनी, केस वळलेत त्याच दिशेनं. प्रत्येक ओढीनंतर पातं पाण्यात हलवलं. डाव्या हातानं कातडी नुसती सपाट धरली, ताणली नाही. एकदा सगळीकडून झाल्यावर पुन्हा फेस लावला आणि या वेळी रेझर आडवा फिरवला. फेस नसलेल्या जागेवरून पातं एकदाही गेलं नाही. उलट्या दिशेनं तर नाहीच. शेवटी थंड पाणी, आणि टॉवेलनं न पुसता नुसतं टिपून घेतलं.

मामानं हात फिरवला. गाल गुळगुळीत होता आणि कुठेही आग होत नव्हती.

"उद्यापासून तूच करायची," आई म्हणाली. "निधान, निधान." हळूहळू म्हणायचं असलं की तिच्या तोंडी हाच कानडी शब्द यायचा. "हात जड झाला की थांबायचं."

सोमवारी मुखवटा चेहऱ्यावर ओढला गेला. सुब्बरावांनी दोनदा करायला लावलं. दोन्ही वेळा आवाज आला नाही. हणमंतानं मामाच्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी, पाळी बदलायच्या वेळेला, गॅसघरातून ओरडा झाला. दाराच्या फटीतून हिरवट पिवळा धूर जमिनीलगत सरपटत बाहेर येत होता. माणसं वाऱ्याच्या उलट दिशेला पळाली. मामा आणि हणमंत नळकांडी चढवून आत शिरले.

आत धूर मांड्यांपर्यंत होता. हणमंतानं अमोनियात भिजवलेला बोळा काठीला बांधून पिंपांवरून फिरवला. तिसऱ्या पिंपाच्या चावीपाशी गॅस आणि अमोनिया मिळून पांढरा धूर उसळला. गळती तिथं होती. मामानं पाना लावला. नट गंजलेला, हलेना. घाम गालांवरून मुखवट्यात उतरत होता. त्यानं सगळा भार पान्यावर टाकला, मान वळली, आणि त्याच श्वासात घशाला चटका बसला.

गॅसचा वास.

बाहेर पळावं असं त्याच्या पायांना वाटलं. पण दार लांब होतं आणि पाना अर्धा फिरला होता. त्यानं श्वास धरला, डावा हात सोडून जबड्याखालची मुखवट्याची कड दाबून धरली आणि हणमंताला खूण केली. हणमंतानं बोळ्याची काठी पिंपाला टेकवून मामाच्या उजव्या हाताशेजारी पाना धरला. दोघांनी मिळून ओढला. नट फिरला. एकदा, पुन्हा एकदा. बोळ्यापाशी पांढरा धूर विरळ होत गेला आणि थांबला. मग हणमंतानं मामाचा दंड धरून त्याला दाराबाहेर काढलं.

मामा गवतावर बसून खूप वेळ खोकत राहिला. डॉक्टरांनी छाती तपासली, रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी घरी सोडलं. सुब्बराव सोबत होते. त्यांनी त्याच्या जबड्याखाली बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

तिथं नखाएवढ्या जागेवर खुंट होते. आदल्या दिवशी एक पुटकुळी उठली होती. दुखेल म्हणून मामानं तिला वळसा घातला होता.

आई त्याच्या घरी भेटायला गेली तेव्हा ती सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडली. "दुखत होतं तर तसं सांगायचं, आणि त्या दिवशी आत जायचं नाही! लपवलंस कशाला?"

कमलाक्षीमामी दारात उभी होती. तेव्हा तिला कळलं की नवरा काट्यावर बसत नव्हता. ती आत निघून गेली. आठवडाभर त्या घरात ताट वाढण्यापुरतंच बोलणं झालं. मामी म्हणाली, जोडीतून नाव काढून घ्या. मामा म्हणाला, हणमंत एकटा पडेल. दोघंही हटेनात.

मामा पुन्हा कामावर गेला, त्या सकाळी दाढी करून, सदरा घालून तो निघाला तर मामी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर अजून राग होता.

"मान वर करा," ती म्हणाली.

तिनं बोटं त्याच्या कानाखालून हनुवटीपर्यंत फिरवली, मग उलट दिशेनं, मग पुन्हा. बराच वेळ. मामा वर छताकडे बघत उभा राहिला. बस चुकणार हे त्याला दिसत होतं.

"जा," मामी म्हणाली आणि बाजूला झाली.